तीस अंडी आणि सहावी ओळ

त्लाकोतालपान, ९ ऑगस्ट

ओतिलियाताई,

हे पत्र समेटाचं नाही. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून तू ते फाडायला घेतलं असशील तर थांबशील. एका व्यवहारात मला तुझा सल्ला हवाय. तुझ्या फोनमधून तू मला नऊ वर्षांपूर्वी हाकलून दिलंस, त्यामुळे बोटींची इंजिनं खोलणाऱ्या माणसाला या वयात कागद-पेन घेऊन बसावं लागलंय. पत्र मेरिदाच्या बसचा ड्रायव्हर नाबोर तुझ्या दुकानात आणून देईल. त्याच्यापुढे तोंड वाकडं करू नकोस, तो इथे येऊन सगळं करून दाखवतो.

आमच्या नेरेइदाचं लग्न ठरलं. १८ ऑक्टोबर, शनिवार, आपल्याच अंगणात. तुला हे कळलं असणारच. चायो तुला माझ्या चोरून फोन करते हे मला माहीत आहे. मला माहीत आहे हे माझ्या बायकोला माहीत नाही, तेव्हा तेवढं तिला सांगू नकोस. नवरा मुलगा फाउस्तो, पुएब्लाचा. पाण्याचे पंप बसवतो. सरळ पोरगा आहे, जेवताना दुसऱ्यांदा वाढून घेतो, इंजिनावरची माझी भाषणं शेवटपर्यंत ऐकतो. तक्रार करायला कुठे जागाच ठेवत नाही.

अडचण आहे ती त्याच्या आईची. दोन्या हिल्दा मागच्या रविवारी जेवायला आली, चायोने केलेल्या माशांच्या भाताचे दोन घास खाल्ले आणि म्हणाली, लग्नाचा विमा काढायला हवा, आमच्याकडे आता सगळे काढतात. मी बोटीचा विमा ऐकलाय, मोटारीचा ऐकलाय. मी विचारलं, लग्नाचा विमा म्हणजे बायको बिघडली तर कंपनी बदलून देते का. चायोने टेबलाखालून लाथ मारली. दोन्या हिल्दा हसली नाही. पुएब्लाच्या लोकांना विनोद पोचायला वेळ लागतो असं म्हणतात, म्हणून मी जेवण संपेपर्यंत वाट पाहिली.

दुसऱ्या दिवशी विम्याचा एजंट दारात हजर. औषधवाल्या सेवेरोचा पुतण्या रोखेलियो. तुला आठवत असेल, लहानपणी सारखा पडायचा. आता दुसरे पडले तर त्यांना काय मिळेल ते सांगत फिरतो. वादळ आलं, नदी अंगणात शिरली, मांडव कोसळला, वाजवणारे आले नाहीत, घरातलं माणूस आजारी पडलं, तर खर्च कंपनीचा. हप्ता साडेआठ हजार पेसो. चायो म्हणते घेऊन टाका, ऑक्टोबरचा काय भरवसा. माझं म्हणणं असं की आपल्याकडे लग्नाचा विमा म्हणजे संत क्लारा. तिच्या मठात तीस अंडी नेऊन द्यायची, आतल्या सिस्टर प्रार्थना करतात, आणि पाऊस गावाच्या बाहेरून निघून जातो. आजोबांचं लग्न यावर पार पडलं, आई-बाबांचं पडलं. क्लाराने कधी कुणाला फॉर्म भरायला लावला नाही.

तुझ्या केकच्या दुकानाचा विमा आहे म्हणून तुला विचारतोय. घ्यावा की नाही? हो किंवा नाही एवढंच कळव. सहीसुद्धा नको.

तुझा धाकटा भाऊ,
हेर्मिलो

ता. क. 'धाकटा' हे नगरपालिकेच्या दप्तराप्रमाणे. मी जन्मलो तेव्हा तू माझ्याहून आठ वर्षांनी मोठी होतीस. पन्नाशीनंतर तू जी रेंगाळलीस, त्यात मी मागून येऊन तुला गाठलं आणि पुढेही गेलो. चायोच्या सांगण्यावरून तू सध्या एकसष्ट वर्षांची आहेस, म्हणजे माझ्याहून दोन वर्षांनी लहान. माझी हरकत नाही.


त्लाकोतालपान, २३ ऑगस्ट

ओतिलियाताई,

उत्तर आलं नाही. नाबोरने सांगितलं की तू पत्र उभ्याने वाचलंस, मध्येच एकदा नाकातून आवाज काढलास आणि ते मैद्याच्या डब्याखाली ठेवलंस. फाडलं नाहीस, एवढं मी ध्यानात ठेवलंय. आवाज कुठल्या वाक्याला काढलास ते मात्र त्याला सांगता आलं नाही.

इकडे विम्याने गावात भांडणं लावली आहेत, आणि अजून मी विमा घेतलेलासुद्धा नाही. फॉर्मच्या दुसऱ्या पानावर एक मथळा आहे, 'ज्यांच्यावाचून विवाह होऊ शकत नाही अशा व्यक्ती.' खाली सहा ओळी. या सहांपैकी कोणी आजारी पडलं किंवा गेलं, तर लग्न पुढे ढकलायचा खर्च कंपनी देणार. बाकीचे कितीही गेले तरी लग्न ठरल्या वेळेला. हे सगळं रोखेलियोने आइस्क्रीमच्या दुकानात बसून मोठ्याने वाचून दाखवलं. तिथे तेव्हा निम्मं गाव होतं.

नवरी, नवरा, मी, चायो, दोन्या हिल्दा, या पाच ओळींबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. सहावीवर झुंबड उडाली. चायोचा भाऊ बुल्मारो संध्याकाळी येऊन उभा. म्हणाला, "म्हणजे मी मेलो तरी तुम्ही नाचणार?" चायो म्हणाली, "दादा, तू मेलास तर जरा हळू नाचू." तो रुसून गेला. तीन दिवस आला नाही आणि चौथ्या दिवशी जेवायच्या वेळेला आला. लग्नाचा स्वयंपाक करणाऱ्या दोन्या पेत्रोनाने निरोप पाठवला की दोनशे माणसांचे तमाल सहाव्या ओळीत जे कोणी असेल त्याने वाफवावेत. म्हातारा क्रिस्पीन हार्प बाजूला ठेवून रस्त्यातून खोकत फिरतोय, का तर आपली प्रकृती किती नाजूक आहे आणि आपण गेलो तर केवढं नुकसान आहे, हे लोकांना दिसावं.

फादर एवारिस्तोंनी विचारलं नव्हतं. तरी रोखेलियोने आपण होऊन त्यांना सांगितलं, "फादर, तुम्हाला ओळ लागत नाही. पाद्री बदली मिळतो." त्या रविवारी फादर प्रवचनात पंचवीस मिनिटं 'बदली' या विषयावर बोलले. येशूचं नाव दोनदा आलं आणि रोखेलियोचं चार वेळा.

सहाव्या ओळीत कोण आहे ते मी कुणाला सांगत नाही. तुलाही आत्ता सांगत नाही.

आणि त्या मैद्याच्या डब्यापाशी उभी राहून तू परत तेच उगाळत असशील, म्हणून तेही लिहून टाकतो. नेरेइदाच्या पंधराव्या वाढदिवसाला पाऊस पडला, त्याला मी काय करणार? तू केकची माद्रिना होतीस, केकचा मान आणि भार तुझ्याकडे. तीन दिवस राबून तू चार थरांचा केक केलास, हे सगळ्या गावाला मान्य आहे. वर बांधलेलं कापड पाण्याने फुगलं आणि नेमकं केकवर रिकामं झालं. दीडशे माणसं एकदम गप्प. अशा वेळी घरच्या यजमानाने काहीतरी बोलायला हवं. मी म्हणालो, "बरं झालं, नाहीतरी केक कोरडाच होता." लोक हसले. लोकांना हसवणं हा काय गुन्हा आहे? तू केकखालची फळी ओढून घेतलीस, झग्याने पुसलीस, काखेत मारलीस आणि संध्याकाळच्या बसने गेलीस. एका विनोदासाठी नऊ वर्षं, ताई. इथे माणसं भोसकून लोक याहून लवकर सुटलेत.

विम्याचं कळव.

हेर्मिलो


त्लाकोतालपान, ६ सप्टेंबर

ओतिलियाताई,

माझंच पत्र तू माझ्याकडे परत पाठवलंस. पाकीट उघडल्यावर मला वाटलं, संपलं. मग नीट पाहिलं, तर 'चार थरांचा' यातल्या 'चार'वर तांबडी रेघ, आणि वर तुझ्या अक्षरात 'पाच'. बाकी अख्ख्या पत्रावर एक टिंबसुद्धा नाही. पाच तर पाच, माझी चूक. नऊ वर्षांनी तुझ्याकडून आलेला हा पहिला शब्द. मी तो चायोला दाखवला. ती म्हणाली, सुरुवात वाईट नाही.

आता सहावी ओळ. तिच्यात तुझं नाव आहे. मी लिहिलेलं नाही.

झालं असं की रोखेलियोने फॉर्म टेबलावर ठेवला आणि मी आत चष्मा आणायला गेलो. बाहेर आलो तर नेरेइदाच्या हातात पेन. तिने सहावी ओळ सगळ्यात आधी भरली होती, तिची स्वतःची पहिली ओळ अजून रिकामी होती. 'ओतिलिया, आत्या, बाप्तिस्म्याची धर्ममाता.' मी म्हणालो, बाळा, ती यायची नाही, कशाला ओळ वाया घालवतेस. तिने हनुवटी पुढे काढली, डिट्टो तुझ्यासारखी, आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या दोघांच्या भांडणात माझा केक गेला. तेव्हा मी पंधरा वर्षांची होते, गप्प बसले. आत्या आली नाही तर मी लग्न करणार नाही. फॉर्ममध्ये तेच विचारलंय ना, कोणावाचून होत नाही?"

मी हसलो. ती हसली नाही. म्हणाली, सान मिगेलच्या सणापर्यंत, म्हणजे २९ सप्टेंबरपर्यंत आत्याचा होकार आला तर पत्रिका छापायला टाकू, नाहीतर नाही. मी फाउस्तोकडे पाहिलं, म्हटलं हा तरी तिला समजावील. तो म्हणाला, "मी थांबतो, मला काही घाई नाही." म्हटलं ना, तक्रारीला जागा ठेवत नाही. दोन्या हिल्दाला यातलं काही माहीत नाही. ती रोज फोन करून पत्रिकेचं विचारते आणि मी छापखान्याचं मशीन बिघडलंय असं सांगतो. काल ती म्हणाली, तुम्ही तर मशीन दुरुस्त करणारे, मग जाऊन करत का नाही?

तेव्हा पहिल्या पत्रात मी तुला थाप मारली. सल्ला नको होता. विमा घ्यायचा की नाही हे ठरवायला मला मेरिदापर्यंत जायची गरज नव्हती. पण 'ये' हा शब्द लिहायला बसलो की पेन आपोआप विम्याकडे वळायचं.

रोखेलियोला मी एक प्रश्न सहज म्हणून विचारला. समजा, सहातली एखादी व्यक्ती आजारी नाही, मेलेली नाही, नुसती रुसलेली आहे, आणि तेवढ्यावरून लग्न राहिलं, तर? त्याने बारीक अक्षरांची तीन पानं उलटली आणि बोट ठेवलं. मनपालट, मतभेद, कौटुंबिक रुसवे यांची भरपाई नाही. म्हणाला, "काका, रुसव्यांचा विमा काढला तर कंपनी एका हंगामात बुडेल."

सोबत फॉर्म पाठवतोय. सहाव्या ओळीतल्या व्यक्तीची सही लागते, नातं, आजार आणि वय लिहावं लागतं, आणि जन्मदाखल्याची प्रत जोडावी लागते. हो, जन्मदाखल्याची. मी रोखेलियोला म्हणालो, त्यापेक्षा तिची किडनी माग, ती देईल.

हेर्मिलो


त्लाकोतालपान, १७ सप्टेंबर

ओतिलियाताई,

काल सोळा तारीख, स्वातंत्र्यदिन. चौकात बँड, झेंडे, घोडे, सगळं गाव बाहेर, आणि मी घरात फॉर्म घेऊन बसलो होतो. तिसऱ्या पानावर एक प्रश्न आहे. 'मागील दहा वर्षांत कुटुंबाच्या एखाद्या समारंभात नुकसान झाले आहे काय? असल्यास कारण, व घेतलेली खबरदारी.' नऊ वर्षं झाली आहेत. आणखी एक वर्ष नेरेइदाला कोणी भेटला नसता, तर मी या प्रश्नातून सुटलो असतो.

कारण म्हणून मी 'पाऊस' लिहिलं. खबरदारी म्हणून 'अंडी' लिहिलं. मग खाली वाचलं की खोटी माहिती दिली तर विमा रद्द. 'अंडी'वर मी रेघ मारली. हे कंपनीला सांगायच्या आधी तुला सांगायला हवं, आणि अजून मी ते चायोलाही सांगितलेलं नाही.

तुझ्या कोंबड्यांची तीस अंडी होती. तू एकेक अंडं वर्तमानपत्रात गुंडाळून, भुसा घातलेल्या टोपलीत रचून माझ्याकडे दिलंस. म्हणालीस, टोपली मांडीवर ठेव, खाली ठेवू नकोस. मी मांडीवरच ठेवली होती. शहरात हार्पच्या तारा घ्यायच्या म्हणून क्रिस्पीन आणि त्याचे तीन वाजवणारे माझ्याबरोबर होते. अर्ध्या वाटेत बस बंद पडली. मी इंजिनात डोकं घातलं, चार तास गेले, सगळ्यांच्या पोटात कावळे. रस्त्याच्या कडेला एक बाई चूल मांडून बसली होती, तिच्याकडे राजमा होता, टोमॅटो होते, मिरच्या होत्या, आणि दुसरं काही नव्हतं. क्रिस्पीनने माझ्या टोपलीकडे पाहिलं. म्हणाला, संत क्लारा उपाशी माणसाला नाही म्हणायची नाही.

आधी सहाच फोडली. मनात म्हटलं, चोवीस नेऊन देऊ. मग वाटलं, चोवीस नेणं बरं दिसत नाही, संताला कमी दिल्यासारखं होतं. मग बारा राहिली, आणि बारांबद्दल तर बोलायलाच नको. पाच माणसांनी तीस अंडी खाल्ली, त्यातली नऊ एकट्या क्रिस्पीनने. आता खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय म्हणून हेही लिहितो, फार चांगली झाली होती. तुझ्या कोंबड्या उत्तम होत्या.

बस चालू केली तोवर मठ बंद व्हायची वेळ टळून गेली होती. परत आलो तेव्हा तू दारातच उभी होतीस. विचारलंस, दिलीस का. मी म्हणालो, दिली, सिस्टर म्हणाल्या निर्धास्त राहा. कुठल्याही सिस्टरने मला काही म्हटलं नव्हतं, ताई. मी मठाची भिंतसुद्धा पाहिली नव्हती.

पुढचं तुला माहीत आहे, पण का ते माहीत नाही. समारंभाच्या सकाळी तू म्हणालीस, ढग आलेत, भाड्याने ताडपत्री आण. मी ताडपत्री आणली असती तर तू विचारलं असतंस, अंडी पोचलीत ना, मग ताडपत्री कशाला? म्हणून मी तुलाच विचारलं, तुझा क्लारावर विश्वास नाही का. आणि वर बोटीचं जुनं शीड बांधलं, तेही घाईत. माझ्या गाठी कधी सुटत नाहीत, ही नदीवर सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. त्या दिवशीची सुटली.

पाणी कोसळलं तेव्हा सगळ्यांनी वर पाहिलं, शिडाकडे. आणखी एक क्षण गेला असता तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. म्हणून मी तुझ्या केकबद्दल बोललो. लोकांनी तुझ्याकडे बघावं म्हणून. आणि लोकांनी बघितलं. त्याची मला लाज वाटते, आणि लाज वाटते म्हणूनच मी नऊ वर्षं तुझ्यावर चिडलेलो होतो.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात एका उपड्या ताटाखाली तळच्या थराचा एक तुकडा सापडला, अजिबात न भिजलेला. मी तो उभ्याने खाल्ला. आत संत्र्याची साल होती, आई घालायची तशी. केक कोरडा नव्हता. हे मला त्या सकाळपासून माहीत आहे.

फॉर्ममध्ये मी लिहिलं, 'खबरदारी घेतली नाही. जबाबदार मी.' रोखेलियो म्हणाला, काका, एवढी जागा नाही, नुसतं 'नाही' लिहा. मी उरलेलं समासात लिहिलं.

मला उत्तर देऊ नकोस हवं तर. नेरेइदाला दे. ती रोज बसच्या वेळेला काहीतरी निमित्त काढून बाहेर जाते आणि रिकाम्या हाताने परत येते.

हेर्मिलो


त्लाकोतालपान, ३ ऑक्टोबर

ओतिलियाताई,

तुझं पाकीट सान मिगेलच्या दिवशीच आलं. दुपारी, मिरवणूक ऐन रस्त्यात असताना. नाबोरने हॉर्न वाजवून संताची पालखी थांबवली आणि खिडकीतून पाकीट हलवलं. नेरेइदा एका पायात चप्पल घालून धावली. मी पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं, म्हटलं विम्याचे कागद आहेत, आधी मी बघतो. मग तिला सही दाखवली. 'नाते'च्या रकान्यात तू 'केकची माद्रिना' लिहिलंयस आणि 'आजार'मध्ये 'गुडघे. बाकी आता काही नाही.' त्यातलं 'आता' तिने तीन वेळा वाचलं, डोळे पुसले आणि दुसरी चप्पल घालून छापखान्यात गेली. समासात तू 'ताडपत्री घे' असं लिहिलंयस. दोन घेतल्या.

आठ घड्या घातलेला जन्मदाखला मी एकट्याने उघडला. 'वय'चा रकानाही मी एकट्यानेच पाहिला. एकाहत्तर, तुझ्या हातचे आकडे. अंडी खाल्ल्याचं कबूल करायला मला नऊ वर्षं लागली. तुझं काम माझ्याहून अवघड होतं, हे मला कळतं.

आता वाईट बातमी. ती लपवायचा विचार दोन दिवस केला, पण लपवल्यावर काय होतं ते मी मागच्या पत्रात लिहिलंच आहे. रोखेलियोने दाखला पाहिला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच म्हणाला, "काका, सत्तरीपुढच्या व्यक्तीला या ओळींत घेत नाहीत." मी त्याला विचारलं, तिने एकसष्ट लिहिलं असतं तर? म्हणाला, तर दाखल्याशी जुळलं नसतं. म्हणजे कसंही करून तू बाहेरच. आयुष्यात पहिल्यांदा खरं वय लिहिलंस आणि त्याच दिवशी कंपनीने ते तुझ्या तोंडावर मारलं. हे वाचून तू परत नाकातून आवाज काढशील आणि बांधलेली पिशवी सोडशील, या भीतीने मला पेन उचलवत नव्हतं. नेरेइदाने पत्रिका वाटायला घेतल्या आहेत. तू आली नाहीस तर ती त्या परत गोळा करेल, मी तिला ओळखतो.

रोखेलियोला मी संत क्लाराची शपथ घातली आहे. तो कुठे बोलणार नाही. बोलला तर लहानपणी पडायचा त्याहून जोरात पडेल.

काल अंगणात सगळे जेवायला होते. दोन्या हिल्दा, बुल्मारो, फादर, क्रिस्पीन, तमालची बोलणी करायला आलेली दोन्या पेत्रोना. विम्याचे कागद टेबलावर होते. विमा मी घेतला. पाच नावांचा, सहावी ओळ कोरी. दोन्या हिल्दाने चष्मा लावला आणि वाचता वाचता विचारलं, "सहावी ओळ रिकामी कशी? नेरेइदा तर म्हणाली, तिथे आत्याबाईंचं नाव आहे."

सगळे गप्प झाले. नऊ वर्षांपूर्वी याच अंगणात असेच गप्प झाले होते. ताई, जिभेवर एक विनोद आला होता. चांगला होता. तो तुला लिहून दाखवणार नाही. मी तो भातासकट गिळला आणि म्हणालो, "कंपनीनेच काढलं. म्हणाले, एवढ्या तरुण बाईला काय होणार आहे, ओळ कशाला वाया घालवता."

कोणी हसलं नाही. दोन्या पेत्रोना भाताचा डाव हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. शाळेत ती तुझ्याच बाकावर बसायची, तुझं खरं वय तिला ठाऊक. मग ती म्हणाली, "खरंय. ती माझ्याहून कितीतरी लहान." आणि भात वाढायला लागली. बुल्मारोने विचारलं, मग ती ओळ आता मोकळी आहे का. मी म्हणालो, नाही, भरलेली आहे. तो कागद उचलून उन्हात धरून बघत बसला. तेवढ्यात दोन्या हिल्दा एकटीच खो खो हसायला लागली, पार ठसका लागेपर्यंत. बायको बिघडली तर बदलून देतात का, तो ऑगस्टमधला विनोद तिला काल पोचला.

अंडीही दिली. बुधवारी नेरेइदाला घेऊन गेलो. साठ अंडी नेली, तीस या लग्नाची आणि तीस तेव्हाची. टोपली सबंध वाट मांडीवर होती आणि क्रिस्पीनला बरोबर नेलं नव्हतं. मठाच्या भिंतीत एक फिरतं लाकडी कपाट असतं, त्यात टोपली ठेवली. आतून आवाज आला, "कशासाठी?" मी म्हणालो, तीस पावसासाठी. "आणि बाकीची?" मी म्हणालो, "त्यांना यायला जरा उशीर झाला." आत कोणीतरी हसल्यासारखं वाटलं. मग कपाट फिरलं आणि रिकामी टोपली बाहेर आली. एवढंसं काम होतं, ताई. त्या दिवशी बस सोडून चालत गेलो असतो तरी झालं असतं.

तर आता वादळाचा विमा आहे, नदीचा आहे, मांडवाचा आहे, दोन्या हिल्दाचासुद्धा आहे. फक्त तुझा नाही. तू आली नाहीस तर काय मिळेल, हे मी रोखेलियोला जाता जाता परत एकदा विचारलं. म्हणाला, काका, त्याची भरपाई कुठलीच कंपनी देत नाही. मला ते आधीच ठाऊक होतं. नऊ वर्षं ठाऊक होतं.

म्हणून ये. चायोने भट्टी साफ केली आहे, तीन दिवस तिथे दुसरं कोणी फिरकणार नाही. नाबोरला पुढच्या दोन सीट राखायला सांगितल्या आहेत, एक तुला आणि एक त्या फळीला.

तुझा दोन वर्षांनी थोरला भाऊ,
हेर्मिलो